प्रत्येक सिगारेटचं काम वेगळं, म्हणून उपायही वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी, दहा वर्षांची सवय, दिवसाला १२ सिगारेटी आणि सोबत पाच-सहा चहा. दोन-तीन वेळा सोडून पाहिली, दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. सकाळी सिगारेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. बीपी थोडं वाढलेलं निघालं, पण गोळी अजून लागलेली नाही. गोळ्या किंवा निकोटिनचा च्युइंगगम नको आहे. ओवा, तुळस, आलं-मध, ज्येष्ठमध यांतलं नेमकं काय घेतलं म्हणजे सुटेल? आणि मित्र सांगतो ती तुळशीची हर्बल सिगारेट चालेल का?

मी बरीच वर्षं तंबाखू सोडवण्याच्या कामात समुपदेशक आहे आणि हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत सतत ऐकते. ओवा, लवंग, आवळा, ताक, शतपावली हे सगळं मीही लोकांना सुचवते आणि त्याचा उपयोग होतो. पण यांतली एकही गोष्ट निकोटिनची ओढ मुळापासून काढत नाही. तलफ भरात असते तेव्हाची चार-पाच मिनिटं निभावून न्यायची, एवढंच त्यांचं काम. ते काम त्या उत्तम करतात, पण योग्य वेळी योग्य गोष्ट हाताशी असेल तरच. तुमच्या १२ सिगारेटी वरून सारख्या दिसतात. प्रत्यक्षात सकाळची पोटासाठी आहे, अकराची टपरीवरच्या गप्पांसाठी, जेवणानंतरची तोंडासाठी आणि रात्री गॅलरीतली दिवस संपल्याची खूण म्हणून. या सगळ्यांवर एकच ओवा कसा चालेल?

आधी चौथ्या दिवसाबद्दल बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे शेवटच्या सिगारेटनंतर दोन-तीन दिवसांत ते शरीरात जवळपास उरत नाही. ते 'बाहेर काढण्यासाठी' कुठलाही काढा लागत नाही. त्रास मात्र याच काळात सर्वांत जास्त असतो. चिडचिड, लक्ष न लागणं, झोप मोडणं, भूक वाढणं, उगाच उदास वाटणं हे पहिल्या दिवशी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि मग तीन-चार आठवड्यांत उतरत जातं. म्हणजे तुम्ही दर वेळी घाट चढून माथ्यावर पोचता आणि तिथूनच मागे फिरता. तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही. सर्वांत अवघड भाग तुम्ही दोन-तीनदा पार केलेला आहे. पुढे उतार आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी हाताशी काही तयार नव्हतं.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे वळते, कारण हर्बल सिगारेटचा प्रश्न त्यातूनच आला आहे. तंबाखूही वनस्पतीच आहे आणि निकोटिन तिच्या पानातच तयार होतं. बिडी तर तेंदूच्या पानात गुंडाळलेली असते, तिला ना कागद ना फिल्टर. तरीही ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही. ते पान हवा कमी खेळू देतं, बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात, आणि छातीत धूरही जास्त जातो. तुळशीच्या, पुदिन्याच्या किंवा गुलाबपाकळ्यांच्या सिगारेटीत निकोटिन नसेल, हे मान्य. पण कुठलंही पान जाळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच, आणि तो तुमच्याच फुप्फुसात जातो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे हात, ओठ, लायटर, गॅलरी ही सगळी सवय जशीच्या तशी राहते. निकोटिन नाही म्हणून तलफ भागत नाही, आणि चार दिवसांनी माणूस खरी सिगारेट मागतो. त्यामुळे मित्राला नाही म्हणा. ई-सिगारेटही कुणी सुचवेल, तर तिच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे आणि त्या वाटेला न गेलेलंच बरं.

गंमत म्हणजे, सिगारेट सोडण्यासाठी ज्याचा उपयोग नीट अभ्यास करून सिद्ध झालाय असं वनस्पतीजन्य औषध खरोखर आहे. त्याचं नाव सायटिसिन. ते लॅबर्नम नावाच्या झाडाच्या बियांपासून मिळतं. बल्गेरियात १९६० च्या दशकापासून ते वापरात आहे, आणि आज डॉक्टर लिहून देतात ती व्हॅरेनिक्लिनची गोळी त्याच रेणूवरून पुढे तयार झाली. हे सांगण्याचं कारण एवढंच, की स्वयंपाकघरातलं चांगलं आणि औषधाच्या दुकानातलं वाईट अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. ते झाड विषारी आहे, तेव्हा बिया शोधत बसू नका.

आता तुमचा दिवस घेऊ.

सकाळची सिगारेट. पोट साफ होण्याची तक्रार खरी आहे, मनाचे खेळ नाहीत. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. रोज त्याच्या धक्क्याची सवय झालेली आतडी तो धक्का थांबला की काही दिवस सुस्त होतात. सोडणाऱ्या अनेकांना पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठता होते, आणि आपल्याकडे फक्त या एका कारणासाठी परत सुरू करणारे पुष्कळ पाहिले आहेत. यावर घरगुती उपाय अगदी नेमका बसतो. सोडण्याच्या चार-पाच दिवस आधीपासूनच रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात घ्या. पाणी कमी घेतलंत तर उलट परिणाम होईल. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी प्या, दहा मिनिटं घरातच चाला, मग थोडं काही खा. पोटात अन्न गेलं की आतड्यांना आपोआप चालना मिळते, तेव्हा शौचाची वेळ नाश्त्यानंतर ठेवा. पेरू, पपई, पालेभाजी, ज्वारीची भाकरी वाढवा. पहिले तीन-चार दिवस वेळ पुढेमागे होईल. तेवढं चालवून घ्या. आणि संडासात फोन किंवा पेपर नेत असाल तर तोही ठेवा बाहेर, कारण सिगारेट आणि ती बैठक यांची जोडी मेंदूत पक्की बसलेली असते.

चहाची सिगारेट. इथे जरा थांबते, कारण यातला एक भाग फार कमी लोकांना माहीत असतो. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन लवकर मोडतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन न ओढणाऱ्याच्या जवळपास दुप्पट वेगाने बाहेर जातं. सिगारेट थांबली की काही दिवसांतच हा वेग खाली येतो. तुम्ही मात्र तेवढेच पाच-सहा चहा घेत राहता, किंवा सिगारेटच्या जागी दोन वाढवता. त्यामुळे रक्तातलं कॅफीन चढतं आणि छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री झोप न येणं, चिडचिड हे सगळं सुरू होतं. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याचाच हा त्रास. त्यातला बराचसा चहाचा असतो. तेव्हा सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि दुपारी तीननंतर शक्यतो नकोच. चहा पूर्ण बंद करू नका, एका वेळी दोन लढाया नकोत. उरलेल्या वेळी गवती चहा आणि आल्याचं गरम पाणी किंवा कोकम सरबत घ्या. तुळशीची पानं घालायची असतील तर ती इथे घाला.

आणि टपरी. तीन आठवडे तिथे जाऊ नका. उभं राहीन पण ओढणार नाही, असं ठरवून जाणारे बहुतेक पहिल्याच आठवड्यात सापडतात. चहा ऑफिसच्या पॅन्ट्रीत प्या, कपऐवजी पेल्यात प्या, उभ्याने पीत असाल तर बसून प्या. हे बदल क्षुल्लक वाटतील, पण तलफ उठते ती अशाच बारीक खुणांवरून. सोबत ओढणाऱ्या मित्रांपैकी एकाला तरी स्पष्ट सांगा, 'महिनाभर मला विचारू नकोस, मागितली तरी देऊ नकोस.' महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटी विकायला बंदी आहे, पण टपरीवर त्या मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. एक सुटी सिगारेट हाच परतीचा सर्वांत सोपा रस्ता असतो.

जेवणानंतरची. ही तोंडाच्या चवीसाठी असते आणि माझ्या अनुभवात घरच्या उपायांना सर्वांत लवकर दाद देणारी हीच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००७ मध्ये ओढणाऱ्यांना विचारलं, की कशानंतर सिगारेट जास्त चांगली लागते आणि कशानंतर वाईट. दारू, कॉफी आणि मांसाहारानंतर ती चांगली लागते असं अनेकांनी सांगितलं. दूध-दुभतं, फळं, भाज्या आणि पाणी यांच्यानंतर बेचव लागते, असंही सांगितलं. आपल्याकडे तर जेवणाचा शेवट ताकानेच व्हायचा. तो परत आणा. शेवटचा घास ताक-भाताचा किंवा वाटीभर ताकाचा, लगेच दात घासणं किंवा खळखळून चूळ भरणं, आणि मग दहा मिनिटांची शतपावली. जोमाने दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर तलफ उतरते हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे, आणि तो परिणाम चालणं थांबल्यावरही थोडा वेळ राहतो. ऑफिसात दुपारी जिना चढउतार करा. तोंडात काही हवं असेल तर भाजलेला ओवा, बडीशेप, तीळ आणि धणाडाळ, वरून लिंबू आणि किंचित सैंधव. तुमचं बीपी लक्षात घेता मीठ खरोखर किंचितच.

कामाच्या ताणाची. निकोटिनने ताण कमी होतो असं वाटतं, कारण मागच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्यामुळे आलेली बेचैनी पुढच्या सिगारेटने जाते. मॅनेजरवरचा राग तिथेच असतो. पण सिगारेटमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे जागेवरून उठणं, पाच मिनिटं एकटं राहणं आणि लांब, सावकाश श्वास सोडणं. हे तिन्ही धुराशिवाय मिळवता येतं. जागेवरून उठा, खिडकीपाशी जा, चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सात-आठ अंक मोजत तोंडाने सोडा. असं दहा वेळा. अनुलोम-विलोम येत असेल तर तोही चालेल. कपालभाती किंवा भस्त्रिका मात्र वाढलेल्या बीपीत करू नका.

याच वेळी तोंडात एखादी लवंग किंवा दोन मिरी धरा. हे नुसतं 'आजीने सांगितलं' म्हणून सांगत नाही. धूर घशातून जाताना जी चरचर होते तिची शरीराला सवय असते, आणि ती नसली की काहीतरी राहिलं असं वाटत राहतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात ओढणाऱ्यांना काळ्या मिरीच्या अर्काची वाफ सिगारेटसारखी तोंडाने ओढायला दिली, तेव्हा त्यांची तलफ कमी झाली. लवंग, मिरी, आल्याचा तुकडा हे घशाला तीच जाणीव देतात. ताज्या लिंबाचाही एक अभ्यास थायलंडमध्ये झाला आहे. त्यात लिंबू चोखणारे आणि निकोटिन गम घेणारे यांच्या सोडण्याच्या प्रमाणात मोठा फरक दिसला नाही, पण तलफ लिंबूवाल्यांना जास्त जाणवली. अभ्यास लहान होता, त्यावर सगळा भरवसा टाकू नका. पण लिंबाची फोड किंवा आवळा सुपारी एका छोट्या डबीत जवळ ठेवायला काहीच हरकत नाही. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, ती चघळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तलफेचा भर ओसरतो.

'आवळा सुपारी' म्हणजे वाळवलेला आवळा, हे ठासून सांगते. खरी सुपारी नको. बाजारातल्या मुखशुद्धीच्या पुड्यांवरचे घटक वाचून घ्या, कारण बऱ्याच पुड्यांत सुपारीचे बारीक तुकडे असतात. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच तिला त्या यादीत घातलं. तिने तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं, आणि तो आजार आपल्याकडे तरुण मुलांत दिसतो. तंबाखू मळून खाणं, मावा, मिश्री यांच्याकडे वळण्याचा धोकाही महाराष्ट्रात मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आत होते आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्या आजूबाजूला कुणीतरी प्रेमाने चिमूट पुढे करणारच. सिगारेट सोडून मावा सुरू झाला, तर व्यसन तेच राहिलं आणि धोका छातीतून गालात आला.

ज्येष्ठमधाचं तुम्ही विशेष विचारलं आहे. काडी चघळायला छान, गोडसर, हाताला काम देणारी. म्हणून पुष्कळ लोक सुचवतात. पण रोज, जास्त प्रमाणात घेतल्यास तिच्यातल्या घटकामुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं. तुमच्या बाबतीत मी ती सांगणार नाही. त्याऐवजी दालचिनीची काडी नुसती ओठांत धरा किंवा गाजर-काकडीचे लांब तुकडे डब्यात ठेवा. आलं-मध खोकल्यापुरतं घ्या. तलफ आली की चमचाभर मध असं केलंत तर दिवसाला १२ चमचे साखरेसारखंच होईल.

रात्रीची आणि शनिवारची. ड्रिंक्स घेत असाल तर पहिला महिना टाळा, माझा यावर आग्रह आहे. दोन पेगांनंतर ठरवलेलं काही आठवत नाही आणि समोर पाकीट असतं. गॅलरीतल्या सिगारेटसाठी गॅलरीच बदला. ॲशट्रे फेका, तिथे रोपं ठेवा, रात्री त्यांना पाणी घाला, नाहीतर त्या वेळी अंघोळ करा. झोपण्याआधी हळद घालून कोमट दूध घेतलंत तरी चालेल. त्याने तलफ जाते म्हणून सांगत नाही. हाताला एक ठरलेलं काम मिळतं म्हणून.

इथवरचं एकत्र धरलं तर तुमच्या खिशात एक छोटी डबी असेल. त्यात लवंगा, आवळा सुपारी, ओवा-बडीशेप. डब्यात ताक आणि काकडी, रात्री इसबगोल, चहा निम्मा, टपरी बंद. सोडण्याची तारीख ठरवण्याआधी ही तयारी झालेली हवी.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत ओढता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, १२ पेक्षाही. पहिली सिगारेट तासाभराने किंवा ऑफिसात पोचल्यावर असेल, तर तुमचं व्यसन जास्त करून सवयीचं आहे आणि वरच्या उपायांवर तुम्ही निभावून जाण्याची चांगली शक्यता आहे. पण ती ३० मिनिटांच्या आत असेल, आणि सकाळच्या पोटाच्या गोष्टीवरून मला तशी शंका आहे, तर शरीराचं निकोटिनवरचं अवलंबन जास्त आहे. अशा वेळी फक्त ओवा-लवंगेवर राहणं म्हणजे स्वतःला विनाकारण त्रास देणं. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या १०० जणांपैकी वर्षभर टिकणारे ३ ते ५ असतात. निकोटिन गम किंवा त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी वापरल्यास ही शक्यता साधारण दीडपट होते, औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळाल्यास आणखी वाढते.

गमबद्दल तुमच्या मनात अढी आहे. 'एक निकोटिन सोडून दुसरं घ्यायचं' असं अनेकांना वाटतं. पण कर्करोग, दमा, हृदयाचा झटका यांचं मूळ मुख्यतः धुरात आहे. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून ती इतकी पकड घेते. गममधलं सावकाश चढतं आणि तीन महिन्यांत हळूहळू कमी करून बंद करता येतं. अनेकांना गमचा उपयोग होत नाही, कारण तो साध्या च्युइंगगमसारखा चघळला जातो. त्याने लाळेसोबत निकोटिन पोटात जातं, मळमळतं, उचकी लागते. तो चार-सहा वेळा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा, त्या गेल्या की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत, लिंबू काही नको, कारण आंबटपणामुळे निकोटिन तोंडातून शोषलंच जात नाही. म्हणजे गम घेणार असाल तर आवळा आणि गम एका वेळी नकोत. तुमच्या बीपीचं डॉक्टरांना आधी सांगा. साधारण वाढलेल्या बीपीत गम सहसा अडचण करत नाही, पण नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाने विचारल्याशिवाय घेऊ नये.

हळूहळू कमी करू की एकदम बंद, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना झाली. एकदम सोडणाऱ्यांपैकी १०० तले ४९ चार आठवड्यांनी सिगारेटमुक्त होते, दोन आठवडे कमी करत नेऊन सोडणाऱ्यांपैकी ३९. दोन्ही गटांना गम-पट्टीसारखी मदत होती. माझाही कल एकदम सोडण्याकडे आहे. दिवसाला दोनवर आलेल्या माणसाची ती दोन फार मौल्यवान होतात, तो त्यांची दिवसभर वाट पाहतो. शिवाय हृदयाच्या बाबतीत 'फक्त एक' सुद्धा स्वस्त पडत नाही. रोज एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. आठ-दहा दिवसांनंतरची तारीख ठरवा, ती घरात सांगा, आणि शक्यतो कामाची डेडलाइन, लग्न-हळद, गावची जत्रा त्या आठवड्यात नसावी. पहिला दिवस गुरुवार-शुक्रवार धरलात तर सर्वांत कठीण दिवस सुटीत घरी जातील. पत्नीला आधीच सांगा, 'हे चार दिवस मी खेकसेन, मनावर घेऊ नकोस, पण मी बाहेर चक्कर मारायला निघालो तर सोबत चल.' घरच्यांनी रोज 'ओढली नाहीस ना?' असं विचारायचं नाही. संशयाने माणूस लपून ओढायला लागतो.

पहिल्या महिन्यात काही गोष्टी होतील, त्यांनी घाबरू नका. खोकला वाढेल, कफ सुटेल, कारण धुराने बधिर झालेली श्वासनलिकेतली साफसफाई पुन्हा सुरू होते. तोंडात फोड येतील, ते आठवडा-दोन आठवड्यांत जातात. तोपर्यंत कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या करा आणि तिखट कमी खा. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढू शकतं. संध्याकाळी भजी-वडापावऐवजी फुटाणे, मुरमुरे, फळ आणि रोजचं चालणं एवढं केलंत तरी बराच फरक पडतो. याच महिन्यात डाएट मात्र सुरू करू नका. उपाशी पोटी तलफ दुपटीने जाणवते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, थुंकीत रक्त दिसलं, किंवा तोंडातला फोड वा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह, दमा किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या माणसाने सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, कारण सिगारेट थांबल्यावर काही औषधांचं प्रमाण बदलावं लागतं. उदास वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तेही सांगा.

मध्येच एखादी ओढली गेली तर पाकीट विकत घ्यायचं नाही आणि नवी तारीखही ठरवायची नाही. ती कुठली होती ते पाहा. पोटाची, टपरीची, रागाची की पार्टीची? तिच्यासाठीचा उपाय कुठे कमी पडला तेवढं दुरुस्त करा आणि त्याच दिवशी पुढे चालू ठेवा. वहीत रोज एक ओळ लिहिलीत तर हे शोधणं सोपं जाईल.

फोनवर बोलायला कुणी हवं असेल तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथे समुपदेशनाचे पैसे लागत नाहीत. आणि मला दोन गोष्टी कळवा. सकाळची पहिली सिगारेट उठल्यापासून किती मिनिटांत होते, आणि गेल्या दोन-तीन वेळा मोजलेलं बीपी नेमकं किती होतं. त्यावरून गम लागेल की डबीवरच भागेल, हे सांगते.